दुखवट्याच्या बॅटऱ्या

माणूस गेला की घरात अंधार होतो, असं शोकसभेत कुणीतरी म्हणतंच. आमच्या जुन्नर-आंबेगावात हे विधान शब्दशः घेण्याची पद्धत आहे. ती उत्तम पद्धत आहे, कारण इथल्या अंधारात बिबट्या असतो.

माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा दशक्रियेच्या निरोपाखाली माझा भाऊ ऋषी याने टीप टाकली : 'कृपया दुखवटे आणू नयेत.' दुखवटा म्हणजे टॉवेल, टोपी, विधवेला लुगडं. ही टीप हल्ली सगळे टाकतात आणि कुणी पाळत नाही, त्यामुळे कुणाचंच अडत नाही. ऋषीने मात्र एक वाक्य जास्तीचं लिहिलं : 'आणायचंच असल्यास आईच्या उपयोगाचं आणावं.' मग अवसरी बुद्रुकपासून घाटघरपर्यंतच्या नातलगांनी आपापल्या घरी बसून स्वतंत्रपणे विचार केला. बाई एकटी. गाई दोन. गोठा उसापलीकडे. धारेची वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची, म्हणजे नेमकी बिबट्याच्या कामकाजाची.

दहाव्याला एकोणीस बॅटऱ्या जमल्या. (पुण्यात यांना टॉर्च म्हणतात.)

बहुतेक खिशात मावणाऱ्या होत्या. दोन कपाळाला बांधायच्या. शिनोलीच्या मामांची कोपराएवढी लांब होती, पण तीही खिशातलीच आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. ("खिसा मोठा शिवायचा, राव!") एक घाटावरच पोचती झाली आणि कावळा शिवेना तेव्हा त्याच्यावर मारून पाहण्यात आली. दिवसाउजेडी झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष अनिर्णित राहिला.

यातली एक निवडणं गरजेचं होतं. ऋषीने सांगून टाकलं होतं, की आईची नीट सोय लागली तर ठीक, नाहीतर गाई विकायच्या आणि आईला चिंचवडला न्यायचं. चिंचवडला अंधार नसतो. पण गाईही नसतात, आणि आईला गाई सोडायच्या नव्हत्या.

त्याच दुपारी ओसरीवर समिती बसली. अध्यक्ष सोपानतात्या, आप्पांचे चुलतभाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तज्ज्ञ सदस्य संपत, याचं मंचरला इलेक्ट्रिकचं दुकान. एकोणीसपैकी नऊ बॅटऱ्या त्याच्याच दुकानातल्या असल्याने त्याच्या अभ्यासाबद्दल शंका घेता येत नव्हती. झोत किती लांब जातो, हौदात पडली तर चालेल का, चार्जिंग किती टिकतं, यावर सखोल चर्चा झाली. सर्वांत सखोल चर्चा खिशाला अडकवायच्या क्लिपवर झाली. क्लिप स्टीलचीच हवी, यावर एकमत झालं.

"वहिनी, लावून दाखवा बरं खिशाला," तात्या म्हणाले.

"भावजी," आई म्हणाली, "लुगड्याला खिसा कुठं असतो?"

समितीने चहासाठी विश्रांती घेतली.

चहानंतर बॅटरी कमरेला खोचण्याचा ठराव आला. खोचताना तिचं बटण दाबलं गेलं आणि आई तसबिरीतल्या देवीसारखी आतून उजळली. वाट मात्र दिसेना. मग कपाळाची बॅटरी बांधून तिला गाईपुढे उभं केलं. गाईने बादली लाथाडली. (गाय समितीची सदस्य नसल्याने तिचा अभिप्राय इतिवृत्तात घेतला नाही.) संकटात मदत बोलावण्यासाठी लुकलुकणारा मोड असतो, असं संपतने सांगितलं, म्हणून आईने गोठ्यातून तोही लावला. बांधावरून जाणारे गेणभाऊ थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दहाव्यालाच डीजे आणला का काय, राव?"

अखेर बोटाएवढी, करड्या रंगाची एक बॅटरी सर्वानुमते मंजूर झाली. तात्यांनी ती आईच्या हाती दिली. "वहिनी, प्रश्न मिटला."

"मिटला खरा," आई म्हणाली. "पर एका हातात बादली, एका हातात काठी. ही धरायची कुणी?"

संपतने विचारलं, "काकू, आधी कोण धरायचं?"

"ह्ये धरायचे. माझ्या मागनं चालायचे अन् वाटभर बडबडायचे. बॅटरी कवा चालायची, कवा न्हाई. बडबड चालायची."

(बिबट्याच्या भागात मोठ्याने बोलत चालावं, असं वनखातंही सांगतं. आप्पांनी हे खात्याच्या कितीतरी आधीपासून पाळलं. त्यात आईला एक वाक्य पुरं करू दिल्याचं मात्र आठवत नाही.)

म्हणजे प्रश्न खरोखरच मिटला होता. उपकरण ठरलं होतं, फक्त धरणाऱ्याची जागा रिकामी होती. तात्यांचा गुडघा, संपतचं दुकान आणि माझी सरत आलेली रजा ही कारणं ग्राह्य धरण्यात आली. ऋषीने गोठ्यात कॅमेरा बसवण्याचा पर्याय मांडला. त्यामुळे बिबट्या आल्यास ते चिंचवडला ताबडतोब कळलं असतं.

एवढ्यात दिवस कलला. अंधाराच्या आत घर गाठावं, बिबट्याचं काय सांगता येतं, असं म्हणत समिती उठली. जाताना प्रत्येकाने एकेक बॅटरी सोबतीला घेतली.

ऋषी गाईंच्या व्यापाऱ्याचा नंबर शोधू लागला. तेवढ्यात बांधापलीकडच्या साळुबाई आल्या. त्यांचा मुलगा भोसरीला कामाला, त्यामुळे म्हशीची धार त्याही एकट्याच काढतात.

"सारजे, धार राहिली का गं?"

"ऱ्हायली," आई म्हणाली. "बॅटरी धर माझ्यामागं. मग तुझ्या म्हशीला मी येते."

"कंची धरू?"

"धर कंची बी. पर बोल काय तरी. मुकी नको चालू."

"काय बोलू?"

"सुनंचं बोल."

उसाच्या कडेने दोघी गेल्या. साळुबाईंचा आवाज गोठ्यापर्यंत आणि तिथून म्हशीपर्यंत जराही क्षीण झाला नाही. ऋषीने फोन खिशात टाकला. गाई राहिल्या, आई राहिली, आणि धारेला उशीर झाल्याबद्दल आम्हा दोघांना जेवताना बोलणी बसली.

उरलेल्या बॅटऱ्या आम्ही गरजूंना देऊन टाकायचं ठरवलं आहे. अट एकच, नेणाऱ्याने ती कुणाच्या मागून चालत धरणार ते सांगावं. निरोप टाकल्यापासून बाहेरगावी स्थायिक झालेल्यांचे पुष्कळ फोन आले. कुणाच्या मागून चालणार ते कुणी सांगितलं नाही, पण झोत किती लांब जातो हे प्रत्येकाने विचारलं. आपणही तेच विचारणार असाल, तर फोनचा त्रास वाचावा म्हणून इथेच कळवते : आपल्या फ्लॅटपासून आपल्या आईच्या अंगणापर्यंत पोचेल अशी बॅटरी अजून कुणी काढलेली नाही. क्लिप मात्र स्टीलची आहे.