शिवाआबांचा मिठाचा दिवा

कन्हेरीत आमच्या शेजारी राहणारे शिवाआबा दिवा लावायला निघाले की पायांत रबरी चप्पल, चपलेखाली लाकडी पाट आणि हातात मेंढरं वळायची काठी असा सगळा जामानिमा असायचा. काठीच्या टोकानं बटण दाबायचं आणि मागं उडी मारायची. उडीच्या नादात ते पाटावरून आपटायचे, ते वेगळंच. वर मलाच सांगायचे, "करंटाचा इस्वास न्हाय, मास्तर!"

दिवाही साधा नव्हता. त्यांची एकुलती एक लेक सुनंदा आखातात नर्स होती. तिनं पाठवलेला तो गुलाबी मिठाचा दगड, आत बल्ब. सोबतची चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती: पाणी लावू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, रोज पेटवा, नाहीतर मीठ ओल धरतं.

आबांनी ती चिठ्ठी पोथीसारखी पाळली. आधी पिन काढायची, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचं, मग सुतळीनं घेर मोजायचा. दिवा झिजला तर नाही ना, ही धास्ती. मी मनसोक्त थट्टा करायचो.

नव्वद सालच्या श्रावणात रेडिओवर आखातात फौजा घुसल्याची बातमी आली आणि नेमकी त्याच आठवड्यात गावची वीज चार दिवस गेली. दिवा पाझरायला लागला. सुनंदाचं पत्र नव्हतं.

"मास्तर, कितीबी पुसा, ह्यो वलाच. पोरगी बरी आसंल न्हवं?"

"आबा, हवेतली ओल आहे ती," मी म्हणालो. पण रेडिओ लावायला माझाही हात धजेना.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. आबांनी दिवा अंगणात वाळत ठेवला आणि फडकं आणायला आत गेले. तिथंच बांधलेल्या त्यांच्या म्हशीला वाटलं, चाटायला मिठाची नवी वीट आणलीय. आबा बाहेर आले तेव्हा दिव्याला हा एवढा खळगा! म्हशीवर उगारलेली काठी हातातून गळाली. "सुनंदे, सुनंदे," करत ते मटकन खाली बसले. त्या थट्टेची मला तेव्हा फार लाज वाटली.

दिवाळीला सुनंदा धडधाकट घरी आली. दिवा बघून पोट धरधरून हसली. "एवढंच ना, आबा? पुढच्या खेपेला दुसरा आणते."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. तिचं मनगट घट्ट धरून म्हणाले, "दुसरा नगं, बाय. त्यो आनायला तुला परत जावं लागंल."