दूधमुक्त केकातले शुद्ध दूध

डोंगरकड्याजवळच्या तांड्यातील निलम हिला दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात नांदेडच्या डॉक्टरांनी गहू आणि दूध या दोन पदार्थांपासून आयुष्यभर दूर राहण्याचा सल्ला दिला. तेव्हा ती तिसरीत होती. पोळीचा तुकडा खाल्ला की तिचे पोट फुगायचे, दूध प्यायले की उलटी व्हायची आणि दोन्ही पोटात गेले की शाळा बुडायची. या आजाराचे नाव तांड्यात कोणालाच उच्चारता येईना. त्यामुळे तो खरा आहे की नाही याविषयी मतभेद झाले आणि शेवटी बहुमताने तो खोटा ठरला. "लेकराला दूध सोसंना म्हंजे काय? लाड हायेत नुसते," असा निर्णय पारावर झाला.

एरवी हे निभावून गेले असते. ज्वारीची भाकरी, वरण, भात यांवर निलमचे बरे चालले होते. परंतु त्याच सुमारास कळमनुरीला एक नवी बेकरी निघाली आणि तांड्यात वाढदिवस सुरू झाले. पूर्वी तिथे मुले जन्माला येत आणि मोठी होत, मध्ये कापण्यासारखे काही नसे. आता प्रत्येक लेकराला वर्षातून एकदा गुलाबी फुलांचा केक कापून आपण जन्मलो होतो हे सिद्ध करावे लागे. निलम प्रत्येक वाढदिवसाला जाई, टाळ्या वाजवी आणि केकऐवजी एक फुगा घेऊन परत येई. एके दिवशी ती फुगा हातात धरून बराच वेळ उंबऱ्यावर बसली आणि आईला म्हणाली, "याडी, मी आता फुगाच खाऊन पाहू का?"

तिची आई जिवनबाई हिने हातातले सूप खाली ठेवले. जगात कोणी काहीही केले तरी आपण ते त्याहून चांगले करू शकतो, असा जिवनबाईचा ठाम विश्वास होता आणि तो मोठ्याने बोलून दाखवायची तिला सवय होती. "बेकरीवाला काय आभाळातून पडला व्हय?" ती म्हणाली. "मी करते केक. बिनगव्हाचा, बिनदुधाचा."

पहिला केक इतका टणक झाला की तिचा नवरा भावसिंग याने तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावला. दुसरा कोंबड्यांपुढे टाकला, तर कोंबड्या मान वाकडी करून निघून गेल्या. तिसऱ्याच्या वेळी मात्र जिवनबाईला सूर सापडला. ज्वारीचे बारीक दळलेले पीठ, गूळ, नांदेडहून आणलेली कोको पावडर, मूठमूठ ओले खोबरे आणि त्याच खोबऱ्याचे वाटून पिळून काढलेले दूध. जाड पातेल्यात वाळू तापवली, तिच्यावर डबा ठेवला आणि वरच्या झाकणावर निखारे पसरले. थोड्या वेळाने असा वास सुटला की पारावरची मंडळी आजाराविषयीचे मत तात्पुरते बाजूला ठेवून दारात येऊन उभी राहिली.

निलमने केक खाल्ला आणि काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडले तरी काही झाले नाही. या काहीही न होण्याचा भावसिंगला एवढा आनंद झाला की तो अंगणात एकटाच नाचला. निलमने टाळ्या वाजवल्या. या वेळी तिच्या दोन्ही हातांना चॉकलेट लागलेले होते.

इथे जिवनबाई थांबली असती तर ही हकिकत सुखाची झाली असती. पण पारावरचे लोक केक चाटून पुसून खाऊनही "आजार-बिजार काही न्हाई" असेच म्हणत राहिले. त्याच आठवड्यात कळमनुरीला गृहोद्योग प्रोत्साहन कक्षाची पाककला स्पर्धा जाहीर झाली. निवडलेल्या पदार्थावर कक्षाचा शिक्का बसणार होता.

"एकदा सरकारी शिक्का बसू दे," जिवनबाई म्हणाली. "मंग बघते माझ्या लेकराला कोण लाडावलेलं म्हणतंय ते."

"डॉक्टरचं ऐकंनात ते शिक्क्याचं ऐकतील व्हय?" भावसिंगने विचारले.

"डॉक्टर नुसता बोलतो. शिक्का दिसतो."

नवराबायको नाव नोंदवायला कळमनुरीला गेली. तिथे कक्षात तातेराव नावाचे अधिकारी होते. गृहस्थ अत्यंत सज्जन. कोणतेही काम नाकारताना समोरच्याला बसायला खुर्ची देत.

"पदार्थ?" त्यांनी विचारले.

"चाकलेट-खोबऱ्याचा केक, साहेब. गहू न्हाई, दूध न्हाई."

"काय नाही ते राहू द्या. नसलेल्या गोष्टी आपण मोजायला बसलो तर कार्यालय पुरणार नाही. आहे काय?"

"जवारीचं पीठ, गूळ, कोको, खोबरं अन् नारळाचं दूध."

तातेरावांचा पेन थांबला. "म्हणजे दूध आहे."

"नारळाचं हाय, साहेब."

"नारळाचं असो, म्हशीचं असो. नियमात दूध म्हणजे दूध. ते कोणी दिलं, हे नियमानं विचारलेलं नाही."

"नारळ काय आमी गोठ्यात बांधून राहिलो का?" भावसिंगने विचारले.

"हे पाहा, शासकीय कामात विनाकारण नारळ आणू नका," तातेराव शांतपणे म्हणाले. दूध निघाल्यामुळे आता दूध तपासणे भाग होते. त्यांनी शेजारच्या खोलीतून दूध तपासनीस शिवशंकर यांना बोलावले.

शिवशंकर यांनी जिवनबाईने नमुन्याला आणलेले नारळाचे दूध उंच भांड्यात ओतले आणि त्यात लॅक्टोमीटर सोडला. दुधात पाणी किती हे सांगणारी ती काचेची नळी थोडी डुचमळली, तिरकी झाली आणि एका कडेला टेकून राहिली. नोकरीच्या सबंध काळात तिने असे केले नव्हते. शिवशंकर यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे गाईचं नाही, म्हशीचं नाही, शेळीचंही नाही," ते म्हणाले. "याचा अर्थ एकच. भेसळ."

"अहो, पण त्याच्यात दूधच न्हाई!" जिवनबाई ओरडली.

"तेच तर मी म्हणतोय. दूध म्हणून आणलंत आणि त्यात दूधच नाही. याच्याहून मोठी भेसळ कोणती असते?"

भावसिंग खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. भेसळीबद्दल कारवाई होऊ शकते, पण आपण तशी वेळ येऊ देणार नाही, असे तातेरावांनी त्याला धीर देत सांगितले. मार्ग सोपा होता. नळी सरळ उभी राहीपर्यंत त्यात म्हशीचे दूध घालायचे.

"मंग त्याच्यात दूध आलं ना, साहेब!"

"शुद्ध आलं," शिवशंकर म्हणाले.

"पण केक बिनदुधाचा हाय!"

"ते त्याचं नाव झालं. नावाला कक्षाची काही हरकत नाही."

दुधाचा प्रश्न असा समाधानकारकपणे सुटल्यावर तातेराव पिठाकडे वळले. ज्वारीच्या पिठाची, गोल आकाराची, विस्तवावर भाजलेली वस्तू म्हणजे भाकरी, आणि भाकरीची स्पर्धा मागच्या महिन्यातच होऊन गेली होती.

"भाकर गोड असती का? तिच्यात चाकलेट असतंय का?"

"बिघडलेली भाकरी असू शकते," तातेराव म्हणाले. "वस्तू केक ठरायची असेल तर निम्मा मैदा लागेल."

"मैदा गव्हाचाच असतो की!"

"बाई, गहू वेगळा, मैदा वेगळा. गव्हाला गहू म्हणतात, मैद्याला मैदा म्हणतात. एकच असते तर दोन शब्द कशाला लागले असते?"

परतताना दोघांनी एसटी पकडली. आखाडा बाळापूर मागे पडल्यावर भावसिंग म्हणाला, "सोड ना. लेकरू घरी खाऊन राहिलं, तेवढं बास."

जिवनबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे शिक्का होता, गोल आणि जांभळा. "स्पर्धेला त्यांचा केक देऊ," ती म्हणाली. "लेकराला आपला देऊ. शिक्का काय आत घुसून बघतोय थोडाच?"

स्पर्धेच्या दिवशी कळमनुरीच्या सभागृहात मोठी गर्दी झाली. मैदा आणि म्हशीचे दूध घातलेला जिवनबाईचा केक मधोमध ठेवला होता आणि त्यावर कक्षाची पट्टी डकवली होती: 'गहूमुक्त व दूधमुक्त. उत्कृष्ट मैदा व शुद्ध दूध वापरल्याची खात्री केली आहे.' पट्टी सर्वांनी वाचली. कोणालाही तीत काही वावगे दिसले नाही, कारण खाली शिक्का होता.

कक्षाच्या अध्यक्षा साधनाताई यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अहाहा! पोट कसं हलकं हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या. अध्यक्षांचे पोट हलके झाल्यावर इतरांची पोटे मागे राहणे शक्य नव्हते. एका गृहस्थांचा गुडघा दुखायचा थांबला. शिवशंकर यांनी तिसरा तुकडा उचलत सांगितले की, आपण सकाळपासून दूध सोडले आहे आणि तेव्हापासून फार मोकळे वाटते आहे.

"आता जिच्यासाठी हा केक जन्माला आला त्या बालिकेला मी स्वतः भरवणार," साधनाताईंनी जाहीर केले. फोटोग्राफर पुढे सरसावला. नव्या फ्रॉकमधली निलम व्यासपीठावर उभी केली गेली. तिने केकाकडे पाहिले, मग आईकडे. आपल्या घरच्या केकाला कधी असा वास येत नाही, हे तिला कळले होते.

जिवनबाई धावत पुढे आली. "ताई, तिला न्हाई चालत हा."

"न चालायला काय झालं? हिच्यासाठीच तर केलाय. शिक्का आहे ना!"

"शिक्का हाय म्हणून तर चालत न्हाई!"

तातेराव लगबगीने जवळ आले आणि हलक्या आवाजात समजावू लागले. "असं बघा. हा केक मुलीला बाधला, तर शिक्का खोटा ठरतो. शिक्का खोटा असू शकत नाही. म्हणजे मुलीला तो बाधणार नाही. आणि तरी बाधलाच, तर मुलगीच खोटी ठरेल. उगाच लेकराची तकलीफ कशाला वाढवता?"

जिवनबाईला या वाक्यात कुठेही फट सापडेना. साधनाताईंचा हात निलमच्या ओठांपर्यंत पोचला होता. फोटोग्राफर म्हणाला, "स्माइल."

जिवनबाईने झेप घेतली आणि तो घास साधनाताईंच्या बोटांमधून थेट आपल्या तोंडात घेतला. त्यात बोटांचाही थोडा अंश आला असावा, कारण साधनाताई किंचाळल्या. फ्लॅश उडाला. मग जिवनबाईने समोरचा माइक धरला आणि भरल्या तोंडाने सभागृहाला सांगितले, "याच्यात मैदा हाय! म्हशीचं दूध हाय! माझ्या लेकराला हे इख हाय!"

तोंडात केक असल्यामुळे यातले एकही अक्षर कोणाला कळले नाही. तातेरावांनी माइक हळूच काढून घेतला. "आनंदाने त्यांना शब्द सुचत नाहीत," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला क्रमांक जिवनबाईला मिळाला. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. साधनाताईंची बोटे तिच्या दातांत होती आणि खाली लिहिले होते, 'मायेचा घास'.

निलम बचावली, पण फक्त एका दिवसापुरती. पेपर वाचून तांड्याचे मत आता पूर्ण बदलले होते. आजार खरा होता, सरकारने तो मान्य केला होता आणि त्यावरचा केकही सरकारनेच काढला होता. प्रत्येकाला वाईट वाटू लागले. बायाबापड्या प्रेमाने शिक्क्याचा केक विकत आणून निलमच्या हातात देऊ लागल्या. कळमनुरीच्या बेकरीने तो बनवायचा मक्ता घेतला होता. "खा गं माय, तुझ्यासाठीच हाय. आता घाबरू नको," त्या म्हणत. जिवनबाई दिवसभर काठी घेऊन या मायेला हुसकावत फिरे. आजार खोटा होता तेव्हा लेकरू एवढ्या धोक्यात नव्हते, असे भावसिंग एकदा म्हणालाही.

शेवटी जिवनबाईने ठरवले, सगळे उघड सांगून टाकायचे. कळमनुरीच्या आठवडी बाजारात तिने चादर अंथरली आणि दोन परातींत दोन केक मांडले. एक बेकरीतून आणलेला, शिक्क्याचा, दुसरा घरचा, उघडा. मागे निलम बसून उघड्या परातीतला तुकडा मजेत खात होती. जिवनबाई घसा ताणून ओरडत होती, "या शिक्क्यावाल्यात गहू अन् म्हशीचं दूध हाय! ह्या साध्यात न्हाई! बघा, माझं लेकरू खाऊन राहिलं!"

शिक्क्याची परात भराभर रिकामी होत गेली. साधी तशीच राहिली.

दुपारी एक चष्मेवाले गृहस्थ आले. कपडे स्वच्छ, काखेत दोन मासिके, बोलणे सौम्य. त्यांनी पट्टी वरून खालपर्यंत वाचली, निलमकडे पाहिले, जिवनबाईचे सगळे म्हणणे मान डोलावत ऐकून घेतले. मग शिक्क्याचा उरलेला केक बांधून मागितला. त्यांच्या नातवालाही गहू चालत नव्हता.

जिवनबाई त्यांच्या पायाच पडली. "दादा, नका नेऊ हो! मी स्वतः सांगून राहिले ना!"

"बाई, तुम्ही तोंडी सांगताय," ते समजुतीने म्हणाले. "हे छापलेलं आहे."

त्यांच्यावर हसू नये. आपणही ही हकिकत छापलेली मिळाली म्हणूनच इथवर वाचत आलात. हीच जिवनबाईने बाजारात थांबवून सांगितली असती, तर आपण घड्याळाकडे पाहिले असते.