लाडूतुलेचा काटा

लाडूतुलेच्या आदल्या दिवशी सासुरवाडीच्या ओट्यावरचा काटा भूपेंद्रला डुलताना दिसला आणि त्याच्यातला मास्तर जागा झाला. सासऱ्यांची, म्हणजे सुकदेव आबांची, पंच्याहत्तरी होती. त्यांच्या वजनाइतके बुंदीचे लाडू सावद्यात वाटायचे ठरले होते. आबांना स्वतःला मात्र साखरेच्या दुखण्यापायी त्यातला कणही मिळणार नव्हता. केळीचे घड तोलून तोलून म्हातारा झालेला तो तबकडीचा काटा. त्यावर काहीही ठेवलं की सुई पुढे उडी मारायची, मागे यायची, पुन्हा पुढे पळायची.

"दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आनून देऊ का?" शेजारच्या चिंधा नानांनी विचारलं.

"मी असताना?" भूपेंद्र हसला. जळगावच्या एका तंत्रनिकेतनात तो मोजमापाची यंत्रंच शिकवत असे. "नाना, ही सेकंड ऑर्डरची भानगड आहे. आत स्प्रिंग, तिला लटकलेलं वजन, म्हणून सुई झोके घेते. तिला लगाम घालणारं तेल आटलंय. तेल घातलं की झालं!"

तेल त्याने घातलं. शेडमध्ये ट्रॅक्टरचं गिअर ऑइल होतं, काकवीसारखं दाट. सुईमागच्या नळीत ते त्याने काठोकाठ भरलं.

"जरा जास्तच होतंय का?" हेमांगीने विचारलं.

"तू उद्या बघच," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. फेटा बांधलेले आबा काट्यावरच्या पाटावर बसले. सासूबाईंनी, सुंदरबाईंनी, ओवाळलं. सुई निघाली, आणि काय तिचा तोरा! झोका नाही, थरथर नाही. नव्या सुनेसारखी अदबीने सरकत ती बावन्नावर थांबल्यासारखी वाटली.

"बघा!" भूपेंद्र छाती काढून म्हणाला. "बावन्न किलो!"

टाळी एकही वाजली नाही. गेल्याच महिन्यात दवाखान्यात आबा अठ्ठ्याहत्तर भरले होते.

"अवो बाई, मानूस पार वायला ना!" सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. "साखरीनं आतून खाऊन टाकलं त्याहिले!"

"कालपासून मलेबी अशक्तच वाटून राह्यलं," आबा क्षीण आवाजात म्हणाले.

"मीच तुमाले उपाशी मारलं!" असं म्हणत सुंदरबाईंनी परातीतला एक लाडू उचलून थेट त्यांच्या तोंडात कोंबला.

तेवढ्यात चिंधा नाना ओरडले, "पंचावन्न! लाडू लागू पडला!"

मग काय, दुसरा लाडू गेला. सुई साठावर आली. तिसरा गेला आणि मंडळी आकडे मोठ्याने म्हणू लागली. आबा डोळे मिटून चावत होते. कित्येक वर्षांचा उपास सुटल्याचं सुख त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं होतं.

भूपेंद्रच्या डोक्यात उजेड पडला तो इथे. सुई थांबली नव्हतीच. थंडीने आणखी घट्ट झालेल्या तेलातून ती रांगत होती, आणि ती अर्ध्या वाटेत असतानाच त्याने वजन जाहीर केलं होतं. लगाम जास्त आवळला तर सुई उशिरा पोचते, घाई करू नका, हे तो दरवर्षी पोरांना शिकवायचा आणि घाई करणाऱ्यांचे मार्क कापायचा! त्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"तुमचे कान लाल झालेत. काय झालं?" हेमांगी कुजबुजली.

"काही नाही."

गप्प राहायचं असं त्याने ठरवलं. सुई अठ्ठ्याहत्तरवर पोचली की सगळे खूश, आणि जावयाची अब्रूही शाबूत. पण सुंदरबाईंच्या अंगात आलं होतं.

"बास! आजपासून साखरीच्या गोया बंद! सकाय-संध्याकाय लाडू!" त्यांनी गोळ्यांचं पाकीट ओट्याखाली भिरकावलं.

आता गप्प राहणं म्हणजे पापच होतं.

"आई, थांबा!" भूपेंद्र कसाबसा म्हणाला. "लाडवांनी काही झालेलं नाही. मी तेल फार दाट घातलं. सुई पोचायच्या आधीच आकडा वाचला. आबा पहिल्यापासून अठ्ठ्याहत्तरच आहेत. मला फार लाज वाटतेय."

सगळे सुईकडे बघत राहिले. ती सावकाश अठ्ठ्याहत्तरला जाऊन टेकली आणि तिथून हलली नाही. हेमांगीने मान खाली घातली.

"मी जरा दुकानात जाऊन येतो," चिंधा नाना कोणाकडेही न बघता म्हणाले.

सुंदरबाईंनी आधी पाकीट शोधून आणलं. मग आबांच्या हातातला चौथा लाडू काढून परातीत ठेवला आणि परात आत नेली.

आबांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग जावयाकडे. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं दुःख होतं, आणि भूपेंद्रला तेच सोसवेना.

"जवाईबुवा," आबा हळूच म्हणाले, "मघाशी थांबाचं होतं, तवा तुमी थांबले नही. मंग आता घडीभर थांबले असते त काय बिघडलं असतं?"