हुसेनचाचांचा मिशीवाला

मस्कतच्या दार्सैत भागात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पडद्यांचं दुकान आहे. काचेच्या दारावर 'ब्लॅकआउट पडदे मिळतील' आणि 'फिटिंग फ्री' अशा दोन पाट्या, आणि त्या दोन पाट्यांच्या मधोमध गेलं जवळजवळ वर्षभर एका गोऱ्या, झुपकेदार मिशांच्या माणसाचा हसरा फोटो चिकटवलेला होता. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हे कंपनीचे मालक असावेत. एका बाईंनी तर फोटोतल्या झेंड्याच्या कापडाचा भाव विचारला होता.

दुकान चालवणारे हुसेनचाचा मोजमापाची पट्टी गळ्यात अडकवून शांतपणे सांगत, "मालक नाय हो. अमेरिकेचा होनारा प्रेसिडेंट हाय."

चाचा मूळचे दापोलीकडचे. अर्धं आयुष्य मस्कतात गेलं. अमेरिकेत त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही. गावच्या ग्रामपंचायतीलासुद्धा कधी मत दिलं नाही, कारण मतदानाच्या दिवशी ते नेहमी इथे कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिडीवर चढलेले असत. पण हा मिशीवाला अमेरिकेच्या प्रायमरीला उभा राहिला आणि चाचांनी त्याला दत्तकच घेतलं.

प्रायमरी हा शब्द मी शाळेच्या बाहेर कधी वापरला नव्हता. मी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते, म्हणून अख्खी इमारत मला टीचर म्हणते. चाचांनी या टीचरला नीट शिकवलं.

"आदी घरात भांडायचा, टीचर. एकाच पक्षाची धा मानसा, सगली एकमेकाच्या उरावर. जो घरात जिकला तो भायेर लढायला जातो."

"आणि घरात हरला तो?"

"तो घरातच की. जातो कुटं?"

मिशीवाल्याबद्दल मध्यम मत असलेला माणूस मला भेटला नाही. तिकडे म्हणे अर्धे लोक त्याला देवदूत समजत आणि अर्धे त्याचं नाव निघालं की टीव्ही बंद करत. आमच्या घरात माझा नवरा मिलिंद दुसऱ्या गटातला. चहा घेता घेता तो मिशीवाल्यावर दातओठ खायचा. वास्तविक अमेरिकेशी मिलिंदचा संबंध सकाळच्या कॉर्नफ्लेक्सपुरताच होता.

मिशीवाल्याची वचनं तीन. राजधानी उचलून मक्याच्या शेतात न्यायची. वकिलांना संसदेची पायरी चढू द्यायची नाही. आणि वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करायची तिकडची पद्धत कायमची बंद करायची. पहिल्या दोन मुद्द्यांवर चाचा फारसं बोलत नसत. घड्याळावर मात्र पेटून उठत. "वेल म्हंजे काय पडदा हाय? वर घेतला, खाली सोडला?"

बाकीच्या उमेदवारांना ते कापडासारखे बोटांनी चाचपून निकालात काढायचे. "ह्यो चांगला हाय, पन पातल. उन्हात धरला की पलीकडचा दिसतो." "हिला अस्तर पायजे." मिशीवाला आला की आवाज चढायचा. "ह्याला म्हनतात जाड कापड! तुमी बगाच!"

'तुमी बगाच' हे त्यांचं पालुपद. पडदा आखूड झाला तरी तेच, भात करपला तरी तेच.

एकदा त्यांनी मला गणितच घातलं. "टीचर, तुमी गनिताच्या. सांगा, आपल्या मानसाचा चान्स किती?"

मी मास्तरीण. खोटं बोलवेना. "शून्य, चाचा."

त्यांनी पट्टी खाली ठेवून विचार केला. "शून्याच्या आदी एक लागला की धा होतात. तुमी बगाच."

आता या सगळ्यात नदीम कुठे येतो ते सांगते. नदीम हा चाचांचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. उत्तर बरोबर असलं तरी हात वर न करणारा. आता अमेरिकेत एका मक्याच्याच राज्यात कॉलेजात शिकवतो. तिकडचा नागरिक झालाय, म्हणजे त्याच्याकडे खरंखुरं मत आहे. शनिवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली की त्याचा फोन येतो.

शमीमचाची होत्या तोवर हा फोन त्या घेत. खाणंपिणं, खोकला, लग्न कधी करतोस, सगळं त्यांच्याच खात्यात. शेवटी "धर, अब्बाशी बोल" म्हणत त्या फोन पुढे करायच्या आणि बापलेक एकमेकांना हवा विचारायचे. तिकडे थंडी? हो. तिकडे गरमी? हो. खलास. चाची गेल्या आणि मागे फक्त हवा उरली. काही शनिवारी तर मी फोनची रिंग ऐकून जिना उतरायला लागायचे आणि दुकानात पोचेपर्यंत चाचा फोन ठेवून पट्टी गुंडाळत असायचे.

मिशीवाला उभा राहिला आणि हे पालटलं, कारण नदीमला त्याचा मनस्वी तिटकारा. चाचा फोन स्पीकरवर टाकायचे, कारण दोन्ही हात पडद्याच्या चुण्या घालण्यात गुंतलेले. मग निम्म्या दार्सैतला ऐकू जाईल असा सामना रंगायचा.

"अब्बा, ही इज अ जोकर!"

"जोकर हाय तर तू कशाला चिडतोस? सर्कशीत कोन जोकरावर चिडतो?"

"तुम्ही त्याची पॉलिसी वाचली का?"

"मराठीत सांग. मग उत्तर देतो."

नदीम थबकायचा, शब्द शोधायचा. "अब्बा, तो माणूस… लोकांना… फसवते."

"फसवतो."

"हां, फसवतो! रोज फसवतो!"

शाळेत असताना घरी "येस अब्बा, नो अब्बा" यापलीकडे न गेलेला हा मुलगा मिशीवाल्यावरच्या रागापायी मराठीत लांबलचक वाक्यं करायला लागला. मधूनच "अब्बा, तुम्ही जेवला का, आवाज असा का येते?" असंही विचारून जायचा आणि पुन्हा भांडणावर यायचा. मिशीवाला शर्यतीत टिकला तर शनिवार टिकेल, एवढं राजकारण मलाही कळायला लागलं होतं. मी मिलिंदच्या नकळत त्याच्यासाठी देवाला हात जोडू लागले.

उन्हाळ्यात चाचांनी कहर केला. नदीमच्या राज्यात चिठ्ठ्या टाकत नाहीत, लोक एका हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, असं त्यांना फोनवर कळलं होतं. तिकडचं मतदान लांब होतं, पण चाचांना दम कुठला? शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दुकानातच ते भरवलं. चार कोपरे, चार उमेदवार, प्रत्येक कोपऱ्यात एकेक फोटो. मतदार म्हणजे पडदे शिवणारा बशीरमास्तर, शेजारच्या टपरीवरचा कुरियन, मी, मिलिंद, आणि योगायोगाने हिशेब बघायला आलेले अर्बाब, म्हणजे दुकानाचे ओमानी मालक.

चाचांनी टाळी वाजवली. "यल्ला! अपना अपना कोना पकडो!"

बाहेर ऑगस्टचं ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून तापलेल्या. दुकानात एसी एकच, आणि तो चाचांच्या खुर्चीच्या वर. मिशीवाल्याचा फोटो चाचांनी अर्थातच आपल्या खुर्चीमागे लावला होता. बशीरमास्तर सरळ तिकडे गेला. कुरियन त्याच्या मागे. अर्बाबांनी चारही फोटोंकडे आळीपाळीने पाहिलं, "हिना बारिद" म्हणाले, म्हणजे इथे गार आहे, आणि पायघोळ डिशडाशा सावरून खुर्चीतच बसले. मीही गेले. उरला मिलिंद. तो आघाडीवर असलेल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात थोडा वेळ घाम पुसत एकटा उभा राहिला आणि मग आमच्यात येऊन सामील झाला.

"मी तत्त्वाने नाही, तापमानाने आलोय," तो म्हणाला. चाचांनी ते मत मोजलं.

फोटो काढला आणि तो लगेच नदीमला गेला. खाली मजकूर: 'मस्कत एकमताने मिशीवाल्याकडे.' आणि शनिवार नसताना, शुक्रवारीच फोन वाजला.

"अब्बा, धिस इज चीटिंग! तिथे एसी आहे!"

"कसला एसी?"

"मला माहीत आहे, मी त्या कोपऱ्यात बसून होमवर्क केला! मम्मी तिथेच मला दूध आणायची!"

चाचांनी मान वर करून एसीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एसी तोच हाय. चालतो अजून."

"तोच? अब्बा, तो आग लागेल! बदला!"

"कशाला बदलू? तुमी बगाच…"

आणि पुढचा बराच वेळ त्या म्हाताऱ्या एसीवरून जे भांडण झालं त्यात मिशीवाल्याचं नावही निघालं नाही. अर्बाब हिशेब न बघताच घरी गेले.

हवा फिरली. दार्सैतमध्ये लोक खिडक्या उघड्या टाकून झोपायला लागले. आणि तिकडे पहिलं मत पडायच्याही आधी मिशीवाला बसला. आपल्याकडे अपक्ष बसतात तसाच, हात जोडून, सर्वांचे आभार मानून.

शनिवारी संध्याकाळी मिलिंदने ही बातमी टाळी देत सांगितली. मी त्याला टाळी न देता निमित्ताला माझे अर्धवट टाचलेले पडदे उचलले आणि खाली गेले. दारावरचा फोटो निघाला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. चाचा चुण्या घालत होते, पण उलट्या बाजूने.

"वाईट झालं, चाचा," मी म्हटलं.

"काय वाईट? मला तो मानूस पयल्यापास्नं पटला नव्हता. राजधानी काय उचलून नेतो! येडा कुटला."

मी बघतच राहिले.

"मग वर्षभर हे काय चाललं होतं?"

त्यांनी पडदा मांडीवर घेतला. "एकदा सहज बोल्लो, ह्यो मिशीवाला बरा वाटतो. तर पोरगा जो भडकला! बोलतोय, बोलतोय. शमीम गेल्यापास्नं एवडा कवा बोल्लाच नव्हता. मी म्हटला, ह्यो मानूस सोडायचा नाय." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता आज काय बोलू, टीचर? हवा इचारू?"

तेवढ्यात फोन वाजला. चाचांनी स्पीकर लावला.

"अब्बा, तुमचा माणूस बसला."

"बसला."

"मग आता कोण?"

"कोन नाय." चाचांनी घसा खाकरला. "तिकडं थंडी?"

मग नदीम म्हणाला, "अब्बा, हवेचं नको."

चाचांचे हात थांबले.

"मी आता एका बाईला सपोर्ट करतो," नदीम शब्द निवडत, सावकाश सांगायला लागला. "ती म्हणते, सगळ्या शाळेत मॅथ्स बंद करा. तिला कोणी वोट देणार नाही. तिचा चान्स झिरो आहे. पण मी तिचा पक्का सपोर्टर. तुम्ही अगेन्स्ट बोला."

अशी बाई तिकडे खरोखर आहे का, हे मी आजवर शोधलेलं नाही.

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "गनित बंद? अरे, टीचर हितंच उभ्या हायेत! लाज नाय वाटत? गनित नसता तर तुज्या बापानं पडदे कसे कापले असते?"

"अब्बा, आता मोबाईलमध्ये सगळं होते!"

"होतं!"

"हां, होतं! मग कशाला शिकायचं?"

चाचांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून कुजबुजले, "टीचर, दोन-चार मुद्दे द्या लवकर. बराच वेल पुरले पायजेत."

मी माझे पडदे बाजूला टाकले, स्टूल ओढलं आणि पहिला मुद्दा सांगायला लागले.