पलीकडची ओळ

नरहररावांनी जालन्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, हात साबणाने दोनदा धुतले आणि मग सावरगव्हाणच्या भजनी मंडळाची वही उघडली. पहिल्याच पानाचा कोपरा त्यांच्या बोटाला चिकटून आला.

"रजनी, बघितलंस? पार पापड झालाय वहीचा."

"मग तळायच्या आधी ज्याची त्याला देऊन या," त्यांच्या पत्नी रजनीताई म्हणाल्या.

पण परत देण्यासाठी त्यांनी ती मागून आणलीच नव्हती. उभं आयुष्य सरकारी कागद सांभाळण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर गावासाठी एकच काम करायचं त्यांच्या मनात होतं, ते म्हणजे ही वही वाचवायची. मनात आणखी एक गोष्ट होती, ती ते बोलत नसत. लहानपणी ते या मंडळात बसले होते, फक्त एक दिवस. दुसऱ्या दिवशी मंडळ चालवणाऱ्या सोमेश्वरबुवांनी त्यांच्या हातातले टाळ काढून घेतले आणि प्रेमाने सांगितलं, "तू अभ्यास कर." नरहररावांनी अभ्यास केला, पण ते टाळ काही विसरले नाहीत.

वहीही साधी नव्हती. बुवा शाळेची पायरी चढले नव्हते आणि मंडळातल्या बारांपैकी अकरा जणांची तीच गत होती. भजनाचे शब्द सगळ्यांना पाठ होते, चालीचं काय करायचं? बुवांनी खुणा काढल्या. त्रिकोणाचं टोक वर असलं की आवाज वर न्यायचा, खाली असलं की खाली आणायचा. गोल आला की धरून ठेवायचा आणि चौकोनावर दम घ्यायचा. दंडक एकच, "वही सांगंल तसं म्हणायचं. आपलं डोकं चालवायचं न्हाई."

ही एकुलती एक वही मधे चौरंगावर उघडी ठेवायची. सहाजण अलीकडे, सहाजण पलीकडे, समोरासमोर. बुवा गेल्यावर त्यांचे चिरंजीव काकासाहेब अलीकडच्या ओळीत बसून ज्वारीच्या धाटाची काडी एकेका खुणेवर ठेवत जात आणि काडी जाईल तिकडे बारा आवाज जात. त्या गाण्याला जिल्ह्यात तोड नव्हती. अर्धे आवाज वर चढत असताना अर्धे खाली उतरत, आणि गोलावर सगळे असे भेटत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. जांब समर्थला रामनवमीच्या उत्सवात शेवटचं भजन एकतीस वर्षं सावरगव्हाणचं असे. हे कसं जमतं असं कोणी विचारलं, तर काकासाहेब सांगत, "बुवांची कृपा." त्यांना यापेक्षा जास्त माहीत नव्हतं.

नरहररावांनी एकेक पान स्कॅन केलं. बारा वह्या झाल्या, जाड कागद, पक्की शिलाई, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात मंडळाचं नाव. मूळ वही रेशमी फडक्यात बांधून त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. मग गावात छोटा समारंभ झाला, त्यांना शाल मिळाली, आणि चौरंग आता लागायचा नाही म्हणून तो कोपऱ्यात गेला.

तालमीत पहिल्याच दिवशी काहीतरी बिनसलं. पलीकडच्या ओळीतल्या कडूबाला वहीत सुरुवात कुठून करायची तेच सापडेना. नरहररावांनी त्याचं बोट धरून वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. गाणं सुरू झालं. सगळे एकदम वर गेले, सगळे एकदम खाली आले. कोणी चुकलं नाही.

"छान झालं की," नरहरराव म्हणाले.

"छान झालं," दैवशालाबाई म्हणाल्या. त्याही पलीकडच्या ओळीतल्या. "पण असं तर कुणी बी म्हणतंय."

दोष शोधायला सुरुवात झाली. पहिला संशय कडूबाच्या नव्या कवळीवर आला. कडूबाने ती काढून खिशात ठेवली, तर आवाज तोच राहिला आणि शब्द तेवढे गेले. मग पेटी कुंभार पिंपळगावला दुरुस्तीला गेली. ती बिघडलेली नव्हती, परत आली तेव्हा मात्र एक पट्टी दाबली की दोन वाजू लागल्या. दैवशालाबाईंनी सगळ्यांना ज्येष्ठमध चघळायला लावला. आठ दिवस गाव ज्येष्ठमध चघळत होतं आणि भजन शाळेतल्या पाढ्यांसारखं चाललं होतं.

"माझा गळा खाली जायला बघून राह्यला," कडूबा कळवळून म्हणाला, "अन् वही म्हणती वर जा."

"मंग वर जायचं," काकासाहेब म्हणाले. "वही कधी खोटं बोलती का?"

रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी जालन्याला फोन लावला. "नरहर, बुवांची वही घेऊन ये. जुन्या कागदात काही गुण असंल."

"काकासाहेब, ती लॉकरमध्ये आहे. आता बँक बंद झाली अन् उद्या सुट्टी."

"बराबर आहे," काकासाहेब म्हणाले. "यंदा आपलं शेवटचंच शेवटचं भजन."

नरहररावांना ते वाक्य फार लागलं. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जांबच्या मंडपात मंडळ बसलं. नरहरराव पुढेच होते. पहिलं भजन नीट झालं, इतकं नीट की मागचे लोक चपला शोधू लागले. दुसरं, म्हणजे उत्सवातलं शेवटचं, सुरू होताना घामेजल्या हातातून कडूबाची वही निसटली. त्याने घाईने उचलली आणि उघडली, ती उलटी. सोनेरी अक्षरं खाली डोकं वर पाय.

नरहररावांनी हाताने वही फिरवायची खूण केली. कडूबाने पाहिलं, पण त्याचा चेहरा काही वेगळाच झाला होता. बोट आपोआप उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर गेलं आणि तिथून डावीकडे सरकू लागलं. चाळीस वर्षं काडी त्याला अशीच दिसली होती. अलीकडचे वर गेले आणि कडूबा एकटाच सावकाश खाली उतरला.

दैवशालाबाईंनी तिरप्या नजरेने बघितलं आणि आपली वही फिरवली. मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता पलीकडच्या ओळीतल्या सहाही वह्या उलट्या झाल्या. समोर लोक मोबाईलवर चित्रण करत होते आणि नरहररावांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. मग पहिला गोल आला.

बारा आवाज दोन वाटांनी येऊन एका जागी भेटले. चपला शोधणारे तसेच उभे राहिले आणि मग खाली बसले. काकासाहेबांचे डोळे वाहत होते, पण खुणेवरून नजर हलली नाही. नरहररावांचेही वाहत होते. आणि आयुष्यभर फाईली सुलट लावलेल्या त्या माणसाच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. चौरंगापलीकडून त्रिकोण उलटा दिसतो. गोल आणि चौकोन कुठूनही सारखेच दिसतात. चाळीस वर्षं अर्ध्या मंडळाने वही उलटी वाचली होती, आणि एकदाही चुकीची वाचली नव्हती.

भजन संपल्यावर शेजारी बसलेल्या संगीताच्या शिक्षिका ज्योत्स्ना मॅडमनी विचारलं, "हे दोन धारांचं गाणं कुणी बसवलं हो? अन् त्या लोकांनी वह्या उलट्या का धरल्यात?"

तासाभरापूर्वी नरहररावांनी मान खाली घातली असती. आता ती ताठ झाली. "ती आमच्या गावची पद्धत आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना नाही जमत."

शेवटचं भजन पुढच्या वर्षासाठीही सावरगव्हाणकडेच राहिलं. निघताना नरहररावांनी काकासाहेबांना सगळं उलगडून सांगितलं. काकासाहेबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे बुवांची कृपाच," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "नरहर, पलीकडच्या ओळीत एक माणूस मावंल. गोलावर तेवढं तोंड उघडायचं. बाकीच्या टायमाला नुसतं बघायचं."

नरहररावांनी कडूबाची वही मागून घेतली आणि उलटी धरून बघितली.

पंधरा दिवसांनी जालन्याच्या बाइंडिंगवाल्याचा फोन आला. पलीकडच्या ओळीला येता-जाता कोणी 'वही उलटी आहे' म्हणू नये, म्हणून नरहररावांनी त्यांच्या सहा वह्या आणि एक नवी सातवी थेट कारागिराला समजावून पुठ्ठे लावायला दिल्या होत्या.

"साहेब, घोटाळा झाला. कारागिरानं सात वह्यांना पुठ्ठे उलटे लावले. नाव सरळ धरलं की आतलं सगळं उलटं दिसून राह्यलं. जल्दी काढून बराबर करून देतो."

"हात लावू नका," नरहरराव म्हणाले. "बराबरच आहेत."

"पण सातवीवर तर तुमचं नाव आहे. तुम्ही शिकलेले माणूस, साहेब."

"तीच तर अडचण होऊन राह्यली," नरहरराव म्हणाले. "पण शिकून राह्यलो."