इंडिकेटर देणारा खलनायक

पांढरकवड्यातले आमचे शेजारी देवरावभाऊ पायी चालतानासुद्धा वळणावर हात दाखवतात. सकाळी दूध घेऊन परतताना गल्लीचं तोंड आलं की उजवा हात बाहेर काढतात, मागे कोणी नाही याची खात्री करतात आणि मगच वळतात. रस्त्यात गाय बसली असेल तर ती उठेपर्यंत तिच्यामागे उभे राहतात. सारा जन्म एसटी चालवली, पण कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागला नाही. "गाडी आपली, पण रस्ता साऱ्यायचा," असं ते म्हणतात आणि तसंच वागतात. मला या माणसाचं फार कौतुक आहे.

अशा माणसाला माझ्या भाच्याने, स्वप्निलने, आपल्या सिनेमात खलनायक केलं. सिनेमाचं नाव 'मारेगावचा बदला'. बदला कशाचा, हे हिरोलाही शेवटपर्यंत नीट कळत नाही. पिस्तूल जत्रेतलं. गोळी लागून मेलेला गुंड पुढच्याच दृश्यात हवालदार म्हणून हजर. जीप कशीबशी मिळाली, ती चालवायला फुकटचा माणूस हवा होता. पोराचा हिरमोड नको म्हणून भाऊ तयार झाले.

पाठलाग मारेगावच्या रस्त्यावर होता. पुढे बँक लुटून पळणारे भाऊ, मागे मोटारसायकलवर हिरो. भाऊंनी आधी सीटबेल्ट लावला. गतिरोधक आला की गियर पाडला, वळणावर इंडिकेटर दिला, मागच्या ट्रकला बाजू दिली. त्यांच्या मागे राहायचं म्हणून बिचारा हिरोच ब्रेक दाबत येत होता. भाऊंच्या मूळ गावच्या फाट्यावर तर जीप जवळजवळ थांबली. भाऊंनी डावीकडे बघितलं, बघतच राहिले आणि मग निघाले. दृश्य पुन्हा घ्यायला जीपमध्ये डिझेल उरलं नव्हतं.

पहिला खेळ मंगल कार्यालयात झाला. हाणामारीत लोक जांभया देत होते, पण फाट्याच्या दृश्याला खो खो हसले. "गुंड सवाऱ्या घेऊन राह्यला का बे?" असं मागून कोणीतरी विचारलं. स्वप्निलचं तोंड एवढंसं झालं. सिनेमा यूट्यूबवर टाकण्याआधी तो तुकडा कापणार, असं त्याने तिथेच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्याकडे आले. कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. स्वप्निल समोरच होता.

"बाबू, माहं बाकी सारं काप. थो फाट्याचा तुकडा राहू दे."

"काहून भाऊ? लोक हसून राह्यले."

"हसू दे. तुही काकू तिथं माहा डबा घेऊन उभी राहे. गाडी दिसली का पदर सावरे. थे वारली तवापासून मी त्या रस्त्यानं गेलोच नव्हतो, तुह्यापायी गेलो. पाय आपोआपच ब्रेकवर गेला, बाप्पा."

स्वप्निल उठून आत गेला आणि संगणक लावून बसला.

त्याने तो तुकडा ठेवला. तिथलं ढणढणतं संगीत तेवढं काढून टाकलं. साऱ्या सिनेमात आता तेवढीच जागा शांत आहे. सिनेमा टुकारच आहे आणि यूट्यूबवर खाली लोक तसं लिहितातही. भाऊ मात्र रोज दुपारी ओट्यावर बसून तो लावतात. जीप फाट्यावर येते, हळू होते, आणि भाऊ मोबाइल बंद करतात. पुढे काय होतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.