लाज बाहेर काढून ठेवावी

तोक्योच्या बाहेरच्या त्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत शिरताना चपलांबरोबर लाजही दाराशी काढून ठेवावी लागते. आतली जागा लहान, चित्रांचे कागद नाजूक, आणि पाहुण्यांच्या लाजेमुळे ते दमट होतात अशी पूर्वी तक्रार असे. नियम सगळ्यांना सारखा आहे.

मिलिंद रेडीजला तो ठाऊक नव्हता. मिलिंद चिपळूणचा, वीज मंडळात इंजिनियर. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत, हाताखालची माणसं त्याला टरकून असत. हाच मिलिंद गेली कित्येक वर्षं ‘टाकीत पाणी किती आहे बघून येतो’ असं सांगून गच्चीवर जायचा आणि मोबाइलवर जपानी कार्टून बघायचा. ती काही लहान मुलांची नसतात, पण हे पटवायचं कोणाला? त्यातल्या एकात हारु नावाची मुलगी घाटातल्या गावी छत्र्या दुरुस्त करते. तिच्यापायी मिलिंद टाकीला टेकून ढसाढसा रडला होता. हे बायकोला, शुभांगीला, कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून जपानची सहल ठरवतानाही त्याने चेरीच्या फुलांचं नाव पुढे केलं होतं.

त्या दिवशी दुपार मोकळी होती. “कॅमेऱ्याची लेन्स बघून येतो,” असं शुभांगीला सांगून तो निघाला. पत्ता त्याने टूर मॅनेजर केदारकडून आधीच हळूच विचारून घेतला होता.

स्टुडिओच्या दाराशी कप्प्यांच्या मांडणीजवळ एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात भाषांतराचं यंत्र होतं. त्या वाकून काहीतरी बोलल्या आणि यंत्र स्वच्छ मराठीत म्हणालं, “कृपया आपली लाज काढण्याची परवानगी असावी.”

मिलिंदचा पारा चढला. “माझी लाज काढता? मी काय घोडं मारलंय तुमचं?”

बाई आणि यंत्र यांची थोडी कुजबुज झाली.

“क्षमस्व,” यंत्र म्हणालं. “आम्ही कोणाचीही लाज काढत नाही. आपली आपण काढावी. आम्ही फक्त राखतो.”

“लाज राखता?”

“हो. माझ्या सासूबाईही हेच काम करीत. जनाची वरच्या कप्प्यात ठेवावी, मनाची खालच्या.”

मिलिंदने मागे-पुढे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. त्याने घामाने अंगाला चिकटलेला बनियन काढावा तशी ती डोक्यावरून ओढून काढली. निघता निघेना. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच मोठी होती. वरच्या कप्प्यात मावेना, तेव्हा बाईंनी स्टुलावर चढून गुडघ्याने दाबली.

“खालच्या कप्प्यासाठी काही?”

“छे,” मिलिंद म्हणाला. “मनाची काही नाही.”

बाईंनी मान लववली. त्यावर काही बोलायची त्यांना परवानगी नव्हती.

निर्लज्जम् सदासुखी म्हणतात ते काही खोटं नाही. मिलिंद आत गेला आणि हारुच्या मालिकेचं गाणं त्याने मोकळ्या आवाजात, सगळी कडवी, दोनदा म्हटलं. टेबलावर वाकलेल्या चित्रकाराला गाठून त्याने विचारलं, “शेवटच्या भागात पोरीला एकटी का सोडलीत?” उत्तर यायच्या आत त्याला रडू कोसळलं. मग हारुच्या चित्रापुढे हात जोडून उभं राहत तो म्हणाला, “बाळ, मी तुझ्यासाठी टाकीला टेकून रडलो गं.” चित्रकाराने खोडरबर बाजूला ठेवून त्याला खुर्ची दिली. आणखीही पाहुणे तिथे रडत होते. खुर्च्या पुरेशा ठेवलेल्या होत्या.

तो बाहेर आला तेव्हा वरचा कप्पा रिकामा होता.

“एक बाई आल्या होत्या,” यंत्र म्हणालं. “आपली रक्तदाबाची गोळी राहिली होती. केदारसाहेबांनी त्यांना पत्ता दिला. नियमानुसार त्यांनी स्वतःची काढून ठेवली आणि दारातून आत पाहिलं. आपण गात होतात. त्या तशाच माघारी वळल्या आणि जाताना वरच्या कप्प्यातली उचलून घेऊन गेल्या.”

मिलिंदने कुठेही टाकलेला टॉवेल, पेपर, चहाचा कप, जे दिसेल ते उचलायचं, हे शुभांगीच्या हाताला लग्नापासूनचं वळण होतं. तसंच हेही उचललं गेलं होतं. शुभांगीने आपल्याला पाहिलं हे कळूनही मिलिंदला काही वाटलं नाही. वाटायला त्याच्याजवळ काही नव्हतंच.

“आमच्याकडे देवळातून चपला गेल्या तर पीडा गेली म्हणतात,” तो म्हणाला. “मी असाच जातो.”

“तसं सोडता येत नाही. लाजेशिवाय बाहेर पडलेल्या पाहुण्यांनी मागे स्टेशनात फार गोंधळ घातला होता. आपल्या पत्नीची खालच्या कप्प्यात आहे. घरातलीच आहे, चालेल.”

शुभांगीची लाज चौघडी घालून ठेवलेली होती. हलकी, जुनी, स्वच्छ. मिलिंदने ती अंगात घातली. काखेत घट्ट झाली आणि मानेपाशी चावायला लागली.

स्टेशनकडे जाताना त्याने गाण्याबद्दल लाज वाटायची वाट पाहिली. वाटली नाही. तिच्यात ते नव्हतं. त्याऐवजी त्याला सहलीसाठी केलेल्या चकल्या मऊ पडल्याची लाज वाटली. गाडीत रिकाम्या जागेवर बसायची लाज वाटली आणि तो उभा राहिला. आणि पूल ओलांडताना त्याला महाड आठवलं.

महाडला वीज मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. माइक फिरत फिरत शुभांगीकडे आला. “वहिनी, तुम्ही काय करता?” कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, “मी काही करत नाही.” मिलिंदने तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, “आणि त्यात तिचा हात कोणी धरणार नाही!” मंडप हसून हसून लोटपोट झाला. हा विनोद त्याने नंतर कितीतरी घरांत सांगितला होता. आता तो त्याला आतल्या बाजूने दिसला. त्या लाजेत मिलिंदचं बोलणं एका कोपऱ्यात होतं. सगळ्यांबरोबर शुभांगीही हसली होती, आणि तिला स्वतःच्या त्या हसण्याचीच लाज होती. ती चावायची जागा नेमकी तिथे होती. मिलिंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हॉटेलवर पोचला तेव्हा सहलीची पुढच्या गावची बस सुटायच्या बेतात होती. स्टुडिओ तोवर बंद झाला असणार, आणि लाज काढायची सोय काय ती तिथेच होती. शुभांगी खिडकीशी अंग चोरून बसली होती. शेजारून कोणी गेलं की ती मोबाइल छातीशी उलटा धरत होती.

“अहो, केवढी ही!” ती कुजबुजली. “ही घेऊन तुम्ही जिने कसे चढत होतात?”

“तुला कळलं तर सगळं.”

“कळलं. सगळी चाचपून पाहिली मी. छत्रीवाली पोर आहे, गच्ची आहे, टाकी आहे.” तिने पुन्हा एकदा चाचपलं. “महाडचं कुठेच नाही.”

“महाडचं इकडे आहे,” मिलिंद म्हणाला.

“चावतं ना?”

“फार चावतं गं. वापरून सैल होतं का?”

“माझं नव्हतं झालं.”

बस मोठ्या रस्त्याला लागली. केदार पुढे उभा राहिला आणि आता सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची असं त्याने जाहीर केलं. माइक एकेका रांगेतून मागे येऊ लागला. नाशिकचे एक डॉक्टर बोलले, सोलापूरच्या दोघी बहिणी बोलल्या. मग तो मिलिंदच्या हातात आला.

“काका, तुम्ही काय करता?” केदारने विचारलं.

मिलिंदने सवयीने घसा खाकरला. एरवी त्याने वीज मंडळापासून सुरुवात केली असती. त्याने माइक तोंडाशी नेला, दोन्ही हातांनी धरला आणि खाली बघत म्हणाला, “मी काही करत नाही.”

बस खो खो हसली. सगळ्यांबरोबर मिलिंदही हसला. त्या लाजेत हसावंच लागत होतं.

शुभांगी मात्र हसली नाही. तिने माइक घेऊन पुढे देऊन टाकला, पर्समधून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं.